वख्श : वर वीज, खाली कापूस

आज नकाशावर ताजिकिस्तान काढा. वख्श नदीचा उगम शेजारच्या किर्गिझस्तानात. तिथे तिचं नाव किझिल-सू, पुढे ताजिकिस्तानात सुर्खोब. दोन्हींचा अर्थ लाल पाणी. ('पंजाब'मधला 'आब' तोच हा 'ओब'.) अफगाण सीमेवर ती पंज नदीला मिळते आणि अमूदर्या सुरू होते.

फौजेत भूभाग वाचताना आमचा पहिला प्रश्न असायचा : उंचवटा कुणाकडे? इथे तो ताजिकिस्तानकडे. सोव्हिएत काळातलं नुरेक धरण ३०० मीटर उंच. आपलं भाक्रा २२६. पाणी बर्फाचं, म्हणजे नदी उन्हाळ्यात भरते. ताजिकांना वीज हवी कडाक्याच्या थंडीत, म्हणून ते पाणी साठवणार. खालच्या उझबेक, तुर्कमेन कापसाला मात्र ते ऐन उन्हाळ्यात हवं. पूर्वी मॉस्को हा हिशेब जुळवायचं : उन्हाळ्यात पाणी खाली, हिवाळ्यात इंधन वर. १९९१ नंतर तो मध्यस्थच उरला नाही.

आता वरच्या अंगाला रोगुन धरण चाललंय, ठरलेली उंची ३३५ मीटर. पहिला जनित्रसंच २०१८ मध्ये सुरू झाला. उझबेकिस्तानचा कडवा विरोध बराच निवळलाय. पण एवढा जलाशय भरायला वर्षं लागतात, आणि दर उन्हाळ्यात किती पाणी अडवायचं, खरी घासाघीस त्यावरच आहे.