हात कापतायत? शेवटचा पेग किती वाजता घेतला होता?

सोमवारी पहाटे बदलापूर स्टेशनबाहेरच्या टपरीवर तेविशी-चोविशीचा एक मुलगा माझ्या शेजारी उभा होता. पाठीला सॅक, गळ्यात कंपनीचं कार्ड. त्याने कटिंगचा ग्लास उचलला आणि चहा बोटांवर हिंदकळला. ग्लास खाली ठेवून मग त्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि मान वाकवून तोंडच ग्लासापाशी नेलं. "अजून उतरली नाही वाटतं," सोबतचा मित्र म्हणाला. दोघं हसले आणि लोकल पकडायला पळाले.

मित्राचं म्हणणं नेमकं उलटं होतं. हात कापू लागतात ते बहुतेक वेळा दारू उतरताना.

आधी थोडा हिशेब. 30 मिलीच्या एका पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या बाटलीत ते 40 ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे चार पेग. "बिअरच तर घेतली" म्हणणाऱ्या पोरांना हे सांगितलं की ती चकित होतात. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकामी करतं. रात्री अकरापर्यंत दोन बाटल्या रिचवल्या तर सकाळच्या लोकलमध्ये चढतानाही त्यातली थोडी दारू रक्तात असू शकते. लिंबूपाण्याने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने हा वेग वाढत नाही.

कधीतरी पिणाऱ्या तरुणाची सकाळची थरथर पुष्कळदा साध्या कारणांची असते. यकृत दारूच्या मागे लागलं की नवी साखर तयार करण्याचं त्याचं काम मागे पडतं. त्यात रात्री जेवण नाही, नुसता चखणा. रक्तातली साखर उतरते, घाम फुटतो, छातीत धडधडतं, हात कापतात. उलट्यांनी पाणी आणि क्षार गेलेले असतात, झोप तुटक झालेली असते. दारूत एनर्जी ड्रिंक मिसळलं असेल तर कॅफिनची भर. हे खाऊन-पिऊन, झोप काढून एका दिवसात निवळतं. दारू न घेताही हात कापत असतील तर थायरॉइड तपासावा, घरात आणखी कुणाचे हात कापतात का ते पाहावं.

दुसरी थरथर मात्र वेगळी, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. रोज पिणाऱ्याच्या मेंदूत काय होतं ते आपल्या लोकलनेच समजतं. गर्दीचा रेटा पाठीवर असतो तेव्हा आपणही पाय रोवून तेवढ्याच जोराने मागे रेटत असतो. दादरला गर्दी एकदम उतरते आणि आपला तोल जातो. दारू मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचं काम वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटचं काम दाबते. आठवडे, महिने हा दाब रोज पडला की मेंदू उलट रेटा लावून तोल सांभाळतो. एके दिवशी दारू थांबते, उलटा रेटा तसाच राहतो, आणि सगळी यंत्रणा भडकते. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात कापायला लागतात. मळमळ, घाम, बेचैनी, झोप उडणं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नसलेल्या मुंग्या अंगावर चढताना दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो.

म्हणून आषाढ संपत आला की मला धास्ती वाटते. गटारीला बदलापूरच्या आसपासची फार्महाऊसं भरतात, बंदी असली तरी कोंडेश्वरच्या धबधब्याकडे आणि बारवीच्या बाजूला पोरांच्या बाइक वळतात. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. बहुतेकांना महिनाभर दारू सोडणं जड जात नाही, उलट शरीराला विसावाच मिळतो. पण त्याच टोळक्यात एखादा रोज क्वार्टर घेणारा असतो. तोही मोठ्या श्रद्धेने, आईच्या शब्दाखातर, एका दिवसात थांबतो. तिसऱ्या रात्री तो भिंतीशी बोलू लागतो आणि घरात कुजबुज सुरू होते, "बाहेरचं काही लागलं का रे?" ज्याने दारू सोडायचं मनावर घेतलं, त्याच्यावरच ही वेळ यावी याचं मला फार वाईट वाटतं. माळ घालणारे, कुणी खोलीत कोंडून ठेवलेले, कुणी गावी धाडलेले, सगळ्यांना हा धोका सारखाच. सोडणं आणि पुन्हा धरणं हे चक्र वारंवार झालं तर पुढच्या खेपेचा त्रास आणखी तीव्र होऊ शकतो.

2020च्या मार्चमध्ये टाळेबंदीने दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा हेच देशभर घडलं. बंगळुरूच्या रुग्णालयांत त्या दिवसांत फिट आणि भ्रम झालेल्या अशा रुग्णांची संख्या वाढल्याची नोंद तिथल्या डॉक्टरांनी केली. आपल्याकडे दुकानं मे महिन्यात उघडली, त्या रांगांची तेव्हा खूप टिंगल झाली. त्या रांगांतल्या काहींचे हात थरथरत होते हे कुणी फारसं पाहिलं नाही.

सकाळचा 'उतारा' म्हणून एक पेग मारला की थरथर थांबते, हे खरं आहे. आणि हीच मोठी धोक्याची खूण. उताऱ्याशिवाय ज्याचा हात स्थिर होत नाही त्याने, वय बावीस का असेना, दारू मनाने एकदम थांबवू नये आणि तशीच चालूही ठेवू नये. डॉक्टर डायझेपामच्या गटातल्या गोळ्या देऊन पाच-सात दिवसांत त्या उतरवत आणतात. या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊन दारूसोबत खाल्ल्या तर श्वास मंदावू शकतो. आणखी एक. आपल्याकडे अशक्तपणा वाटला की "एक सलाईन लावा डॉक्टर" म्हणायची सवय आहे. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-1 जीवनसत्त्व पुष्कळदा कमी असतं, ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. त्यामुळे डॉक्टरांपासून दारू लपवू नका, आईवडील शेजारी बसलेले असले तरीही.

फिट आली तर कूस वळवून झोपवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, 108ला फोन करा. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच काही उपचार मिळाले. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे, ठाण्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 हे सरकारी हेल्पलाइनचे नंबर आहेत.

डॉक्टर दोन्ही हात समोर करायला सांगतील, बोटं फाकवून. मग विचारतील, शेवटचा पेग किती वाजता? दिवस आणि तास आठवून सांगा. सोबत गेलेल्या मित्राला ठाऊक असेल तर त्याने सांगावं.