पावशेर म्हणजे नेमके किती?

भाजीत मीठ कमी पडले तर वरून घालता येते. आमटी दाट झाली तर तांब्याभर पाणी आपल्या मदतीला धावून येते. परंतु भट्टीत गेलेल्या केकला किंवा नानकटाईला मागाहून काही म्हणजे काही सांगता येत नाही. झाकण पडले, की जे व्हायचे ते आतल्या आत होते. म्हणूनच ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ हा आपल्या स्वयंपाकघराचा लाडका कायदा भट्टीपुरता रद्द समजावा. तिथे माप हवे, आणि मापापुढचा प्रश्न असा, की कुणाचे माप?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो आत्याच्या वहीमुळे. आत्या दिवाळीत नानकटाई करी, नाताळच्या सुट्टीत वर-खाली निखारे ठेवून रव्याचा केक करी, आणि सगळे वहीत टिपून ठेवी. वही माझ्याकडे आली तेव्हा अक्षर मोत्यासारखे, पण अर्थ मात्र कोड्यासारखा! एका पानावर ‘पावशेर मैदा, नवटाक तूप, नवटाक पिठीसाखर, मासाभर सोडा’. दुसऱ्या पानावर ‘पाव पौंड लोणी’. तिसऱ्यावर ‘रुपयाभार बेकिंग पावडर’. आणि चौथ्यावर, देवा रे, ‘चार आण्यांची साय’!

शेवटचे कोडे आधी निकालात काढू. चार आण्यांच्या सायीचे रूपांतर जगातल्या कोणत्याही गणितज्ञाला करता येणार नाही. ते माप नव्हे, तो बाजारभाव आहे. पण ‘रुपयाभार’ हे मात्र बाजारभावाचे नव्हे, वजनाचे नाव आहे. इंग्रजी अमदानीतला रुपया बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम भरत असे, म्हणून घरोघरी रुपया हेच वजन होते. हल्लीच्या सुनेने आजचे नवे नाणे काट्यावर ठेवले, तर ते चार ग्रॅमही भरणार नाही. केक तरी फुगावा कसा?

तोळा हाती लागला, की बाकीची कुलपे त्याच किल्लीने उघडतात. ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे ९३३ ग्रॅम. त्याचा पावशेर २० तोळ्यांचा, २३३ ग्रॅमचा. नवटाक १० तोळ्यांचे, ११७ ग्रॅमचे. छटाक ५ तोळ्यांचे, ५८ ग्रॅमचे. एका तोळ्याचे १२ मासे, तेव्हा मासा जवळजवळ एक ग्रॅम. पौंड ४५४ ग्रॅमचा, म्हणजे ३९ तोळ्यांना किंचित कमी. आणि औंस २८ ग्रॅमचा, अडीच तोळ्यांच्या आतबाहेर.

येथे एक फसवी जागा आहे, ती वाचकांनी नीट लक्षात ठेवावी. १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भागांत किलो आला आणि १ एप्रिल १९६२ पासून देशभर तोच सक्तीचा झाला. मी तेव्हा शाळकरी मुलगी होते. वाण्याच्या ताजव्यात नवी षट्कोनी वजने आली, हे मला आठवते. शेर गेला, पण त्याचे नाव काही गेले नाही! आजही मंडईत आपण ‘पावशेर मिरच्या द्या’ म्हणतो आणि भाजीवाला निमूटपणे २५० ग्रॅम तोलून देतो. शब्द तोच, पण आत्याचा पावशेर २३३ ग्रॅमांचा आणि मंडईतला २५० चा.

मग वही निरुपयोगी झाली का? मुळीच नाही. नानकटाईची कृती पुन्हा वाचा. पावशेराच्या निम्मे नवटाक; म्हणजे दोन भाग मैदा, एक भाग तूप, एक भाग साखर, तेही वजनाने. २३३ ला ११७ घ्या, नाहीतर २५० ला १२५ घ्या; नानकटाई तीच होते. कृतीचा प्राण मापात नसून प्रमाणात असतो. फार जुन्या वहीच्या बाबतीत तर ह्याच विचाराचा आधार आहे, कारण मुंबईचा जुना मण अवघ्या २८ पौंडांचा आणि बंगाली मण ८२ पौंडांहून अधिक. दोन्हींचा चाळिसावा हिस्सा तो शेर! कोणता शेर, हे आता सांगायला कोणी नसले, तरी निम्मे ते निम्मेच राहते.

परंतु प्रमाण सांभाळतानाही एक खाच आहे, आणि माझी अमेरिकेतली भाची नेमकी तिथेच अडखळली. तिच्याकडे काटा नव्हता, कप होता. वहीतले प्रमाण तिने बरोबर ओळखले, आणि दोन कप मैदा, एक कप तूप, एक कप पिठीसाखर घेतली. ट्रेमध्ये नानकटाईची एकच मोठी पोळी झाली! बिचारीचे गणित चुकले नव्हते. वजनाचे प्रमाण तिने आकारमानाला लावले एवढेच. दोन कप मैदा सुमारे २५० ग्रॅम भरतो, पण एक कप पातळ तूप २१५ ग्रॅमच्या आसपास. हवे होते १२५. म्हणजे अर्ध्या कपाहून थोडे अधिक तूप पुरे होते.

आपल्याकडे शेर दोन प्रकारचे होते, एक वजनी आणि एक मापी, हे आठवले तर ह्या घोटाळ्याचे नवल वाटणार नाही. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, ही मापी कोष्टके. धान्य मोजताना त्यावर शीग लावायची की हात फिरवून सपाट करायचे, ह्यावरून वाण्याशी घासाघीस चाले. ‘मापात पाप’ ही म्हण काही उगीच पडलेली नाही. अमेरिकेतही हीच अडचण होती. बॉस्टनच्या पाकशाळेच्या फॅनी फार्मर ह्या बाईंनी १८९६ च्या आपल्या पुस्तकात कप आणि चमचे सपाट भरण्याचा आग्रह धरला, आणि तिकडच्या गृहिणींना ‘अंदाजे’पासून सोडवले.

तरीही परदेशी पुस्तक उघडताना ते कोणत्या देशाचे, हे आधी पाहावे. अमेरिकेचा कप २३७ मिलिलिटरच्या जवळपास, ऑस्ट्रेलियाचा २५०. मोठा चमचा अमेरिकेत १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात २० चा. पाइंट अमेरिकेत ४७३ चा, इंग्लंडात ५६८ चा. आणि भट्टीच्या उष्णतेचे म्हणाल, तर अमेरिकन पुस्तकातले ३५० अंश हे फॅरनहाइट असतात. त्यातून ३२ वजा करून पाचाने गुणावे, नवाने भागावे, म्हणजे आपले १७७ येतात. ओव्हनची कळ १८० वर ठेवली की काम भागते. पंखा असलेल्या ओव्हनला आणखी २० अंश कमी करावे.

ह्या साऱ्या कोष्टकांना हरवणारी एक युक्ती मात्र फार सोपी आहे. एका पारड्यात अंडी ठेवावीत आणि दुसऱ्यात त्यांच्या भारोभार क्रमाने लोणी, साखर, मैदा तोलावा. तोळा नको, औंस नको, ग्रॅम नको! साधा केक जमलाच म्हणून समजा.

आता उरली आपली लाडकी वाटी. आत्याच्या वहीत मागची पाने ‘दोन वाट्या रवा’, ‘दीड वाटी साखर’ अशी आहेत. ती वाटी कोणती, हे तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते. आत्या गेल्यावर भांडी वाटली गेली, काही बोहारणीच्या टोपलीत पडली, आणि त्या पानांची किल्ली त्यांच्याबरोबर गेली. शेर-तोळे कायद्याने गेले तरी पुस्तकांत सापडतात. घरची वाटी एकदा गेली, की ती कोणत्याच कोष्टकात सापडत नाही.

म्हणून भगिनींनो, फराळाचे सामान काढण्यापूर्वी एवढे करा. घरात जी वाटी प्रमाणाची म्हणून वापरतात, ती रिकामी तोला, मग काठोकाठ पाणी भरून तोला. जितके ग्रॅम वाढतील तितके मिलिलिटर तिचे माप. १८० मिलिलिटरची वाटी असेल तर तीत साखर दीडशे ग्रॅमच्या सुमारास, रवा सव्वाशे, पातळ तूप १६० आणि चाळलेला मैदा ९५ ग्रॅमच्या आसपास बसतो. पण आपल्या हाताने भरून एकदा तोलून पाहावे हे उत्तम. आई, सासूबाई, आजी घरात असतील, तर त्यांच्याच हातून वाटी भरून घ्या, कारण दाबून भरायची की अलगद, हे त्यांच्या हातालाच ठाऊक असते. आणि ते आकडे वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत, तारखेसह लिहून ठेवा. काम दहा मिनिटांचे आहे. पन्नास वर्षांनी कुणी मुलगी ती वही उघडील, तेव्हा तिला कोडे सोडवावे लागणार नाही. थेट मैदाच चाळायला घेता येईल.