आधी डोळ्याची जागा

डायोरामा, म्हणजे काचेआड पेटीत रचलेलं दृश्य, बांधायचा तर पहिला प्रश्न असतो, बघणारा नेमका कुठे उभा राहणार? डोंगर, झाडं, प्राणी सगळं नंतर. त्याचा डोळा जमिनीपासून किती उंच आणि काचेपासून किती लांब असेल हे एकदा ठरलं, की त्या बिंदूपासून मागे मागे जग रचत जायचं. काही फूट खोल पेटीत मैलोगणती माळरान दिसतं ते या एका निर्णयामुळे.

आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. जवळची वस्तू दोघांना जराशी वेगळी दिसते आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ताडतो. वस्तू लांब गेली की फरक जवळजवळ उरत नाही. म्हणून पुढचं गवत, दगड, प्राणी घडीव लागतात. मागचा डोंगर रंगवलेला चालतो. मधली झुडपं मुद्दाम लहान मापाची करतात, जमीन मागे किंचित चढवतात. मागची भिंत गोलाकार वळवतात, कारण कोपरा दिसला की पेटी दिसली.

खरी परीक्षा सांध्याची. जमीन जिथे संपते आणि रंग सुरू होतो, ती रेघ एखाद्या उंचवट्याआड, झुडपाआड लपवावी लागते. चित्रातला प्रकाश आणि दिव्याचा प्रकाश एकाच दिशेने यायला हवा. पुढच्या झाडाची सावली मागच्या आभाळावर पडली, तर सगळी मेहनत वाया.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत १९३४पासून डायोरामांची पार्श्वभूमी रंगवण्याचं काम केलेले जेम्स पेरी विल्सन मूळचे वास्तुविशारद. वळत्या भिंतीवर चित्र जसंच्या तसं उतरवलं तर त्यातल्या सरळ रेषा वाकतात. विल्सन यांनी त्यावर दोन जाळ्यांचा उपाय काढला. एक चौकटजाळी मूळ जागेच्या छायाचित्रांवर, दुसरी भिंतीवर. भिंतीवरचे चौकोन वेडेवाकडे असत, पण ठरलेल्या जागेवरून बघितलं की सारखे दिसत. मग चौकोनामागून चौकोन चित्र उतरवायचं. त्यांच्या आभाळाला मी बिनदिक्कत मोठी चित्रकला म्हणेन. ती संग्रहालयाच्या कामात मोडते म्हणून कमी ठरत नाही.

याच संग्रहालयात छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांनी एक डोळा मिटून पाहिलं. दोन डोळ्यांतला फरक गेला आणि काचेमागचं ध्रुवीय अस्वल जिवंत वाटू लागलं. कॅमेऱ्यालाही एकच डोळा असतो. १९७६पासून त्यांनी काढलेली डायोरामांची कृष्णधवल छायाचित्रं या निरीक्षणातून आली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या निसर्ग विभागातल्या डायोरामांपुढेही एक डोळा मिटून बघा, जरूर बघा.

लोरी निक्स आणि कॅथलीन गर्बर या दोघी छोटेखानी डायोरामा बांधतात, तेच मुळी कॅमेऱ्यासाठी. त्यांच्या ‘द सिटी’ या मालिकेत माणसं नाहीशी झालेलं शहर आहे: धुलाईकेंद्र, चर्च, मॉल. २००७च्या ‘लायब्ररी’त छत कोसळलंय आणि पुस्तकांच्या कपाटांमधून झाडं वाढली आहेत. पुठ्ठा, फोम, रंग यांतून एकेक दृश्य उभं करायला महिनोन् महिने लागतात. ते फक्त लेन्सच्या जागेवरून बरोबर दिसतं. बाजूला सरकलं की मोडतं.

इथे एक अडचण येते. इतक्या जवळून फोटो काढला की थोडाच भाग स्पष्ट येतो, बाकीचा धूसर. त्या धूसरपणावरूनच आपण ओळखतो की हे खेळण्याएवढं आहे. त्यावर उपाय म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करायचं. मग प्रकाश कमी शिरतो, म्हणून एक्स्पोजर लांबवायचं. पुढपासून मागपर्यंत सारं रेखीव आलं की डोळा माप विसरतो. निक्स मोठ्या आकाराच्या फिल्मवर काम करत आल्या, त्यामुळे पुस्तकाच्या कण्यावरची धूळही दिसते. फोटो झाला की रचना मोडून टाकतात. मला त्याची हळहळ वाटते; पण ज्या जागेसाठी ती बांधली, तिथून तिला कायमचं बघून झालेलं असतं, हेही पटतं.

कलाकार पॅट्रिक जेकब्स पेटी मोडत नाहीत, भिंतीत बसवतात आणि तोंडाशी तळहातात मावेल एवढी गोल अंतर्वक्र लेन्स लावतात. अशी लेन्स दृश्य आक्रसते, त्यामुळे वीतभर हिरवळीला कुरणाचा विस्तार येतो.

बघणाऱ्याला सर्वांत कडक बांधून ठेवलं ते कलाकार मार्सेल द्युशाँ यांनी. १९४६ ते १९६६ अशी वीस वर्षं त्यांनी न्यूयॉर्कमध्ये गुपचूप एक दृश्य रचलं: काटक्यांवर पडलेली विवस्त्र स्त्री, तिच्या हातात गॅसचा दिवा, मागे धबधबा. धबधब्याचं पाणी हलल्यासारखं दिसतं ते बिस्किटांच्या डब्यात बसवलेल्या छोट्या मोटरमुळे. समोर जुनं लाकडी दार, दाराला दोन भोकं, एका वेळी एकच माणूस. इथे दोन्ही डोळ्यांना जागा आहे, म्हणून पुढचं शरीर आणि मागचा देखावा यांतलं अंतर अंगावर येतं. १९६८मध्ये द्युशाँ गेले. काम सुटं करून पुन्हा कसं जोडायचं याच्या छायाचित्रांसकट सूचना त्यांनी एका फाइलमध्ये लिहून ठेवल्या होत्या. त्यानुसार ते १९६९मध्ये फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात उभं राहिलं, आणि आजही तिथेच, त्याच दारामागे आहे.