गवती चहाचा चोथा आणि बुरशी

चहात गवती चहाची पात पडली की घरभर जो वास दरवळतो, तो मुख्यतः सिट्राल या द्रव्याचा. कारखान्यात गवतातून वाफ सोडून त्याचे तेल काढतात. पण शंभर किलो ताज्या गवतातून तेल मिळते जेमतेम अर्धा किलो! उरलेला चोथा बहुधा भट्टीत जातो. तेलाखाली साचलेल्या पाण्यातही थोडे सुगंधी द्रव्य विरघळलेले असते. तेही पुष्कळदा ओतून देतात.

पिकांवरील बुरशीजन्य रोगांसाठी १८८५ पासून मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण वापरात आहे. ते गुणकारी खरे, पण वर्षानुवर्षे फवारल्यास तांबे जमिनीत साठत जाते. सिट्राल तसे साठत नाही. ते बुरशीच्या पेशीपटलात घुसते, पटल गळू लागते आणि पेशी मरते.

मग चोथ्याचा काढा करून सरळ फवारावा का? इतके सोपे नाही. सिट्राल उडून जाणारे. उघड्या शेतात ते फार काळ टिकत नाही. द्रावण तीव्र केले तर पिकाचीच पाने करपतात. शिवाय चोथ्यात किती अंश उरला, हे दर घाण्याला बदलते. म्हणून बंद कोठारातील धान्य किंवा पेटीतील फळे यांसाठी त्याचा उपयोग अधिक शक्य वाटतो.

तुम्हीच पाहा ना. तीन बरण्यांत पावाचे ओलसर तुकडे ठेवा. एकीत ताजी चुरगळलेली पात टांगा, दुसरीत चहातली उकळलेली, तिसरी तशीच. झाकणे घट्ट लावून रोज बाहेरूनच निरीक्षण करा व तारीखवार नोंद ठेवा. बुरशी आल्यावर झाकण मात्र उघडू नका. तिचे बीजाणू नाकात जातात.