पाणबुडीचे झाकण

पाण्याखालून चालणाऱ्या जहाजाला पाणबुडी म्हणतात. आपल्या महाराष्ट्रातही पाणबुड्या बनतात. मुंबईच्या माझगाव गोदीत तयार झालेली 'शाल्की' ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. ती ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात दाखल झाली.

आमच्या सातवीच्या वर्गात एक बेत निघाला. जुन्या ड्रमची पाणबुडी करायची आणि गावच्या तलावात उतरायचे! सगळे म्हणाले, ड्रम तर तयारच आहे, फक्त झाकण बसवायचे राहिले. गुरुजी म्हणाले, "आधी झाकणाचा हिशेब करा." तो हिशेब मी येथे देतो.

२ मीटर खोलीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २०० ग्रॅम पाण्याचा भार असतो. माणूस आत शिरायचा तर झाकण ६० सेंटिमीटर व्यासाचे तरी पाहिजे. त्याचे क्षेत्रफळ ३.१४ × ३० × ३० = २८२६ चौरस सेंटिमीटर. म्हणजे झाकणावर एकूण भार सुमारे ५६५ किलो! धानाचे पोते ४० किलोचे धरले, तर झाकणावर चौदा पोती बसली. १० मीटरवर हाच भार पाचपट होतो.

एवढा भार सोसायला झाकण कसे असावे? पहिले, ते गोल असावे. चौकोनी भोकाच्या कोपऱ्यांत ताण गोळा होतो आणि तिथूनच तडा जातो. दुसरे, ते बाहेरून फुगीर असावे. अंडे मुठीत सहज फुटत नाही, त्याचे कारण हाच आकार. तिसरे, भोकाभोवती जाड कडा आणि तिच्यावर रबराची रिंग पाहिजे.

चौथी गोष्ट मोठ्या गमतीची आहे. आतल्या झाकणाच्या कुकरमध्ये वाफच झाकणाला कडेवर दाबून धरते. वाफ जाईपर्यंत आई कितीही ओढो, ते निघत नाही. पाणबुडीचे झाकण याच्या उलट, बाहेरून कडेवर टेकते. मग पाणीच ते दाबून बंद ठेवते. जितके खोल जावे तितके ते घट्ट! मात्र वर लाटांत पाण्याचा दाब कमी असतो, म्हणून रबर दाबायला खिट्टी लागतेच.

पण मित्रांनो, धोकाही इथेच आहे. जे झाकण पाणी आत येऊ देत नाही, ते माणसाला बाहेरही जाऊ देत नाही. चौदा पोती आतून कोण ढकलणार? आतला व बाहेरचा दाब सारखा झाला, तरच झाकण उघडते. म्हणून 'शाल्की'त संकटकाळी सर्व खलाशांना घेऊन वर येणारी एक गोल कोठी बसवली आहे. आपल्या ड्रमात असे काही नाही, आणि त्याचा पातळ पत्राही दाबाने आत बसतो. म्हणून ड्रममध्ये बसून कोणीही तलावात उतरू नये.

हे पाहायचे असेल तर एक प्रयोग करा. हातभर प्लॅस्टिकचा पाईप घ्या. पत्र्याच्या चकतीवर सायकलच्या ट्यूबचे रबर चिकटवा. चकतीच्या मधोमध दोरा बांधा, तो पाईपातून वर ओढून चकती खालच्या तोंडाला घट्ट धरा, आणि पाईप बादलीत उभा बुडवा. आता दोरा सोडला तरी चकती पडत नाही. मग पाईपात हळूहळू पाणी ओता. आतले पाणी बाहेरच्या पाण्याइतके होत आले, की चकती आपोआप सुटते.

बादली आणि पाईप वर्गात ठेवले आहेत. पालकांनीही एकदा करून बघावे.