गोवर व कांजिण्या : बालकांतील पुरळाचे निदान आणि उपचार

त्र्यंबकेश्वर हा नाशिक जिल्ह्यातील आदिवासीबहुल तालुका. येथील तापलेल्या बालकाच्या अंगावर पुरळ उठल्यास ते गोवराचे की कांजिण्यांचे, हे प्रथम ओळखावे लागते. गोवरात ३-४ दिवस ताप, खोकला व लाल डोळे राहून मग कानामागून, चेहऱ्यावरून पुरळ खाली पसरते. कांजिण्यांत पाणीदार फोड निरनिराळ्या अवस्थांत एकाच वेळी दिसतात. गोवर अधिक घातक. कुपोषित बालकात त्यातून न्यूमोनिया, अतिसार, क्वचित अंधत्वही संभवते. २०२२ मधील मुंबई व मालेगावच्या उद्रेकांनी या रोगाचे भय पुन्हा जागविले. देवीचा कोप मानून आहार तोडणे तर सर्वथा अनिष्टच. वर्षावरील गोवररुग्णास ‘अ’ जीवनसत्त्वाची २ लाख एककांची मात्रा लागोपाठ दोन दिवस देतात. गोवर-रुबेला लस ९ महिने पूर्ण झाल्यावर व पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान टोचली जाते.