गंजलेल्या बोल्टाची गांठ

दसरा-दिवाळीच्या सुमारास नाशिक जिल्ह्यांतील द्राक्षबागांत छाटणीची लगबग चालू असते. त्याच दिवसांत शहरांतील द्वारका, सातपूर, अंबड या भागांतल्या मोटारदुरुस्तीच्या शेडांत मालवाहू पिकअप गाड्या येऊं लागतात. पावसाळा नुकताच संपलेला असतो, आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत याच गाड्यांना निफाड-दिंडोरीचीं द्राक्षें वाहून न्यावयाचीं असतात. त्यापूर्वीं पाटे, बुश आणि बोल्ट बदलून घेतले म्हणजे ऐन हंगामांत खोळंबा होत नाहीं, असा बागाईतदारांचा हिशेब असतो. मिस्त्री गाडीखालीं शिरतो, पाहणी करितो आणि दोन तासांचें काम म्हणून सांगतो. नट सुटतोहि, परंतु बोल्ट जागचा हालत नाहीं. हातोडा चालतो, पान्याला लांब नळी लावून दोन माणसें तिला लोंबकळतात, आणि शेवटीं बोल्टाचें डोकें तुटून हातांत येतें. दोन तासांचे दोन दिवस होतात.

वरवर पाहतां हा प्रसंग गॅरेजमधील माणसांपुरताच आहे, असें वाटेल. परंतु मुंबईच्या घरांत येणारीं द्राक्षें आणि टोमॅटो बहुधा अशाच एखाद्या गाडींतून कसारा घाट उतरून आलेलीं असतात. आणि त्या उतारावर गाडीचा मागील आंस जागच्या जागीं धरून ठेवण्याचें काम अंगठ्याएवढ्या जाडीचे मोजके बोल्ट करीत असतात. असा बोल्ट अडकतो कां, आणि तो कसा सोडवावा, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम या भागांची रचना पाहूं. पिकअप गाडीच्या मागील बाजूचा भार पाट्यांवर असतो. पोलादाच्या लांब, किंचित् वाकविलेल्या पट्ट्या एकावर एक ठेवून यू-बोल्टांनीं आंसाला आवळलेल्या असतात. त्यांतील मुख्य पट्टीचीं दोन्ही टोकें वळवून त्यांना वाटोळे डोळे केलेले असतात. एक डोळा गाडीच्या सांगाड्याला थेट जोडतात; दुसरा शॅकल नांवाच्या झुलत्या दुव्याला जोडतात, म्हणजे भार येऊन पाटा सरळ झाला तर त्याला लांबावयास जागा मिळते. प्रत्येक डोळ्यांत रबराचा बुश असतो. पुष्कळ गाड्यांत त्या बुशाच्या पोटांत एक पोलादी नळी असते, आणि त्या नळींतून बोल्ट आरपार गेलेला असतो. गोम आहे ती या नळींत.

नळी आणि बोल्ट यांच्यामध्यें केसाएवढी फट असते. अशी फट पाणी आपण होऊन आंत ओढून घेते; कापडाचें टोक पाण्याला लावलें असतां तें जसें वर चढतें, तसाच हा प्रकार. आंत शिरलेल्या पाण्याला ना ऊन लागतें, ना वारा. लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु एकत्र आले कीं गंज धरतो, हें सर्वांना ठाऊक आहे. परंतु गंजाचा एक गुण सहसा लक्षांत येत नाहीं. जितकें लोखंड खाल्लें जातें, त्याच्या दुपटीहून अधिक जागा त्यापासून झालेला गंज व्यापतो. उघड्या पत्र्यावर तो फुगून पापुद्र्यांनीं गळून पडतो. बंद फटींत मात्र त्याला फुगावयास जागा नसते. म्हणून तो एका बाजूनें बोल्टाला आणि दुसऱ्या बाजूनें नळीला दाबीत राहतो. सामान्यतः गंजानें बोल्ट ‘चिकटला’ असें म्हणतात. वास्तविक गंज हा येथें डिंकासारखा नसून ठोकून बसविलेल्या पाचरीसारखा असतो. ही एक गोष्ट ध्यानांत ठेवली कीं पुढील सर्व उपायांचा अर्थ आपोआप लागतो. पाचर सैल करावयाची असेल तर ती भिजवावी लागते, हालवावी लागते, किंवा तिच्या भोंवतालची जागा वाढवावी लागते. नुसता पीळ दिल्यानें ती निघत नाहीं. पीळ दिला तर बोल्टाबरोबर नळी फिरते, नळीबरोबर रबर पिळलें जातें, आणि हात सैल होतांच सगळें पुन्हा पूर्वस्थितीवर येतें. बोल्ट फिरला असा भास होतो. प्रत्यक्षांत तो नळींत तसूभरहि सरकलेला नसतो.

थंड देशांत या दुखण्याचें मुख्य कारण मीठ होय. अमेरिका, कॅनडा, उत्तर युरोप येथें हिवाळ्यांत रस्त्यावरचें बर्फ वितळविण्यासाठीं मीठ टाकतात, आणि तें खारें पाणी गाड्यांच्या पोटाला लागून त्या गंजतात. नाशिकच्या रस्त्यांवर मीठ पडत नाहीं, तरी येथील गाड्यांना त्याची उणीव भासत नाहीं. नाशिक शहरांत वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून ४५ किलोमीटरांवरील इगतपुरीस तो ३००० मिलिमीटरांच्या घरांत जातो. मुंबईस जाणारी गाडी पावसाळ्यांत या प्रदेशांतून वारंवार ये-जा करिते, आणि बागेंतील ओला चिखल तर शॅकलभोंवतीं कित्येक दिवस बसून असतो. त्यांत भर खतांची. शेतकरी ज्याला पोटॅश म्हणतात, त्यांतील म्युरिएट ऑफ पोटॅश हें खत मिठाच्याच जातीचा क्षार आहे. फाटक्या गोणींतून तें हौद्यांत सांडलें आणि पावसाबरोबर खालीं झिरपलें, कीं गंजाचा वेग वाढतो. मोरचुदाचीहि तीच गोष्ट. द्राक्षांवर फवारावयाचें बोर्डो मिश्रण मोरचूद आणि चुना यांचें करितात, आणि तें बरोबर झालें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं जाणते शेतकरी त्यांत लोखंडी विळा किंवा खिळा बुडवितात. त्यावर तांबूस पूट चढलें तर चुना कमी पडला असें समजतात. तें पूट म्हणजे लोखंड विरघळून त्याच्या जागीं बसलेलें तांबेंच होय. विळ्यावर जें घडतें, तेंच सांडलेल्या मोरचुदाच्या पाण्यानें बोल्टावर घडतें.

आतां उपायांकडे वळूं. सर्वांत पहिला उपाय बोल्टाचा नसून माणसाच्या जिवाचा आहे. गाडी केवळ जॅकवर उचलून तिच्याखालीं शिरूं नये. सपाट जागीं चाकांना अडण्या लावून सांगाड्याखालीं मजबूत घोड्या द्याव्या, आणि आंसालाहि वेगळा आधार द्यावा. बोल्ट निघतांच आंस आणि पाटा एकदम सरकूं शकतात.

त्यानंतर तारेच्या ब्रशानें माती व सुटा गंज काढून नळीच्या दोन्ही तोंडांशीं आणि नटाच्या आट्यांवर पातळ तेल सोडावें. गॅरेजमध्यें बहुधा डिझेल वापरतात. तें अगदींच निरुपयोगी नाहीं. परंतु फटींत शिरण्यासाठींच बनविलेलीं पेनिट्रेटिंग तेलें अधिक उपयोगीं पडतात. घरोघरीं आढळणारें डब्ल्यूडी-४० हें १९५३ सालीं अमेरिकेंत सॅन डिएगो येथें मूळ पाणी हटविण्यासाठीं तयार करण्यांत आलें, आणि चाळिसाव्या प्रयत्नांत तें साधलें म्हणून त्याच्या नांवांत चाळीस हा आंकडा आला. तेल कोणतेंहि असो, त्याला वेळ देणें महत्त्वाचें आहे. आदल्या दिवशीं सकाळीं, संध्याकाळीं आणि पुन्हा कामाच्या दिवशीं असें तीनदां सोडलेलें थोडें तेल ऐन वेळीं ओतलेल्या डबाभर तेलापेक्षां अधिक काम करितें.

मग हालविण्याची पाळी येते. सहाकोनी आणि नेमक्या मापाचा पाना घ्यावा. सैल पाना नटाचे कोन खातो. नट प्रथम सोडण्याच्या दिशेनें न फिरवितां किंचित् आवळून पाहावा, आणि मग सोडावा. पाव फेरा सुटला कीं थोडा परत आवळावा, तेल द्यावें, पुन्हा सोडावा. या मागें-पुढें करण्यानें गंजाची भुकटी होऊन बाहेर येते. एकाच दिशेनें रेटीत राहिल्यास तीच भुकटी आट्यांत दाटून बसते. बोल्टाच्या टोकावर हातोडा मारावयाचा झाल्यास नट टोकाशीं सपाट येईल इतका ठेवून मारावा, म्हणजे आटे चेपत नाहींत. एका मोठ्या घावापेक्षां अनेक मध्यम घाव बरे. त्यांच्या हादऱ्यानें गंजाला तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल आंत उतरतें.

इतक्यानेंहि भागलें नाहीं तर उष्णतेचा आश्रय घेतात. पोलादाचा नट तापविला कीं त्याचें भोंकहि मोठें होतें. १४ मिलिमीटरांच्या भोंकाचा नट ३०० अंशांनीं तापविल्यास तें भोंक सुमारें पांच शतांश मिलिमीटर वाढतें. हें माप अगदीं क्षुद्र वाटतें. परंतु पाचर ज्या फटींत बसली आहे ती फटच केसाएवढी असल्यानें तेवढें पुरेसें होतें. अर्थात् तापवावयाचें तें नटाला, बोल्टाला नव्हे. दोन्ही सारखेच तापले तर लाभ उरत नाहीं. बुशाजवळ ज्योत नेली तर रबर जळतें, म्हणून बुश टाकून द्यावयाचा असेल तेव्हांच हा मार्ग घ्यावा. इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि आधीं सोडलेलें तेल हीं तिन्ही आगीचीं कारणें होत. तेल पुसून घेतल्याशिवाय आणि आग विझविण्याचें साधन जवळ असल्याशिवाय ज्योत पेटवूं नये.

आणि तरीहि बोल्ट हालला नाहीं तर? तर तो कापावा. बुश आणि त्याला धरणारी पट्टी यांच्यामधील फटींत करवतीचें पातें घालून बोल्ट दोन्ही बाजूंनीं कापला कीं पाटा मोकळा होतो. पुष्कळ मिस्त्र्यांना आणि त्याहून अधिक मालकांना यांत हार मानल्यासारखें वाटतें. परंतु हट्टानें घण घातला तर सांगाड्याची पट्टी वांकते किंवा तडकते, आणि ती सरळ करण्याचा खर्च व धोका बोल्टाच्या किंमतीच्या कितीतरी पट असतो. कोठें थांबावें हें ज्याला कळतें, तोच खरा कुशल कारागीर होय.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. काढलेला गंजका, तापविलेला किंवा ठोकलेला बोल्ट पुन्हा बसवूं नये, आणि त्याच्या जागीं हातांस लागेल तो साधा बोल्टहि घालूं नये. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे अंक कोरलेले असतात. ८.८ अंकाचा १४ मिलिमीटरांचा बोल्ट सुमारें ९ टनांच्या ताणापर्यंत तुटत नाहीं, ४.६ अंकाचा साधा बोल्ट त्याच्या निम्म्यांतच तुटतो. दिसावयास दोन्ही सारखेच. हा फरक गॅरेजमध्यें कळत नाहीं. दीड टन माल भरून गाडी घाटाच्या वळणावर ब्रेक लावते, तेव्हां तो कळतो. तेथें बोल्ट तुटला तर आंस तिरका होतो आणि सुकाणूं सरळ धरूनहि गाडी स्वतःच्या मनानें वळते. ज्या नाशकांत मोटारींचा मोठा कारखाना आहे आणि त्याला सुटे भाग पुरविणारे अनेक लहानमोठे उद्योग आहेत, तेथें योग्य अंकाचा बोल्ट मिळविणें अवघड नाहीं. तो मागून घेण्याची संवय मात्र लागावयास हवी.

नवा बोल्ट घालतांना नळींत राहणाऱ्या त्याच्या गुळगुळीत भागाला ग्रीसचा पातळ हात द्यावा, म्हणजे पाण्याला जागा राहत नाहीं. आट्यांना मात्र गाडीच्या पुस्तकांत सांगितलें असेल तरच वंगण लावावें. कारण वंगणामुळें तेवढ्याच जोरानें नट अधिक आवळला जातो. शेवटचें आवळणें गाडी चाकांवर उभी करून करावें. अधांतरीं आवळल्यास रबर कायमचें पिळलेलें राहतें आणि लवकर फाटतें. यू-बोल्ट बदलले असतील तर कांहीं शें किलोमीटर गाडी चालल्यावर ते पुन्हा तपासून घ्यावे.

पावसाळा संपतांच गाडीचें पोट स्वच्छ पाण्यानें धुऊन वाळविणें आणि बोल्टांच्या तोंडाशीं थोडें तेल सोडणें, एवढी काळजी घेतल्यास पुढील दसऱ्याला मिस्त्र्यानें सांगितलेले दोन तास खरोखरच दोन तास ठरतील.